वादी हनीफा : रियाधने आपले टाकलेले पाणी कसे सुधारले

आमच्या खालांचा मुलगा रियाधमध्ये नोकरीला आहे. बायको-मुलेही तिथेच आहेत. मागच्या हिवाळ्यात त्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. दगडी बंधाऱ्यावरून पडणारे पाणी, काठाला दाट बरू, मागे खजुरीची झाडे आणि पाण्याच्या कडेला खेळणारी दोन्ही नातवंडे. वाळवंटातल्या शहरात असे हिरवे ठिकाण पाहून खाला खूश झाल्या. तेवढ्यात त्याचा निरोप आला, "अम्मी, ही नदी नाही. हे बहुतेक सगळं शहराचं वापरलेलं पाणी आहे."

खालांचा चेहरा उतरला. "म्हणजे गटाराचं? पोरांच्या अंगावर शिंतोडे उडाले असतील. मग त्या कपड्यांवर नमाज कशी होईल?"

घरातली तरुण मुले हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. वापरलेले पाणी पुन्हा चांगले होते का? होत असेल तर ते कोण करते आणि कसे? आणि चांगले झाले हे कुणी ठरवायचे? खालांचा प्रश्न तहारतचा होता, पण त्याच्या पोटात अभियांत्रिकीचा मोठा धडा दडलेला होता. आम्ही तो समजून घेतला तेव्हा वाटले, हा वाचकांसमोर ठेवला पाहिजे.

हनीफा कोण?

फोटोतल्या जागेचे नाव वादी हनीफा. आपल्या मराठीतली 'वाडी' वेगळी आणि अरबीतली 'वादी' वेगळी. वादी म्हणजे दरी, एरवी कोरडे आणि पाऊस पडला की वाहणारे ओढ्याचे पात्र. हनीफा हे नाव ऐकून अनेकांना इमाम अबू हनीफा (रह.) आठवतात, पण इथे त्यांचा संबंध नाही. बनू हनीफा नावाची अरबांची एक कबिला-जमात या खोऱ्यात राहत असे, तिच्यावरून हे नाव पडले.

इस्लामच्या इतिहासात या वादीला मोठे स्थान आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत खोटा नबी मुसैलमा याच्याविरुद्ध यमामाची लढाई झाली, ती याच वादीच्या वरच्या भागात, अकरबाच्या मैदानात. त्या लढाईत कुरआनचे अनेक हाफिज शहीद झाले. त्या चिंतेतूनच हजरत उमर (रजि.) यांनी कुरआन एकत्र लिहून काढण्याचा सल्ला दिला. पुढे पहिल्या सौदी राज्याची राजधानी दिरिया हीसुद्धा याच वादीच्या काठावर वसली. तिथल्या अत-तुरैफ या मातीच्या जुन्या वस्तीला २०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली.

तुवैक डोंगराच्या कड्यांवरून उतरणारी ही वादी सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. चार हजारांहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेशावर पडणारा पाऊस तिच्यात उतरतो. पाऊस तो किती? वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या कोकणात जुलैच्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो. पण तोही काही थोड्या दिवसांत कोसळतो आणि मग एकदम पूर येतो. उरलेले वर्षभर लोक वाळूखालच्या विहिरींवर जगत, खजुरीच्या बागा पिकवत. पूर वाळूत मुरायचा, विहिरी भरायच्या. शेकडो वर्षे हा हिशोब जुळत होता.

हिशोब कसा चुकला?

१९५० च्या सुमारास रियाधची वस्ती जेमतेम एक-दीड लाख होती. २०१० च्या जनगणनेत ती ५० लाखांच्या पुढे गेली. एवढ्या माणसांना विहिरींचे पाणी पुरणार नव्हते. खोल भूगर्भातून पाणी उपसले गेले. अरबी आखातावरच्या जुबैल इथे समुद्राचे खारे पाणी गोडे करून नळांतून शेकडो किलोमीटर दूर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असलेल्या रियाधला आणले गेले. पाणी आणण्याची मोठी सोय झाली. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे, याचा विचार तेवढ्या जोमाने झाला नाही.

पाणी नेहमी उताराकडेच जाते. रियाधचा उतार वादी हनीफाकडे. शोषखड्ड्यांतून आणि फुटक्या नळांतून झिरपलेले पाणी, मनफूहा भागातल्या प्रक्रिया केंद्रातून निघालेले पाणी, रस्त्यांवरून वाहणारे पाणी, सगळे तिथे जमू लागले. एके काळी वर्षातले बहुतेक दिवस कोरडी असणारी वादी शहराच्या खालच्या अंगाला बाराही महिने वाहू लागली, पण घाण पाण्याने.

त्याच काळात शहराच्या इमारतींसाठी वादीतून वाळू आणि खडी खणली गेली. त्या खड्ड्यांत पाणी साचून कुजले. पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा ट्रक भरभरून वादीतच ओतला गेला. काठावर भराव टाकून लोकांनी जमिनी वाढवल्या. पुराची वाट अरुंद झाली, आणि पूर आला की तो वस्तीत घुसू लागला. दुर्गंधी आणि डास यांमुळे ज्या वादीच्या काठी शहर जन्मले, तिच्याकडे शहराने पाठ फिरवली.

आधी पाण्याची जागा पाण्याला

या शतकाच्या पहिल्या दशकात रियाधच्या विकास प्राधिकरणाने वादी सुधारण्याचे मोठे काम हाती घेतले. आराखडा कॅनडातील मोरियामा अँड तेशिमा आणि ब्रिटनमधील ब्युरो हॅपोल्ड या संस्थांनी मिळून केला. या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे तलाव किंवा नाला 'सुशोभित' करायचा म्हटले की आधी रेलिंग, दिवे आणि बाक येतात. इथे ते सगळ्यात शेवटी आले.

पहिले काम पात्र मोकळे करण्याचे. लाखो घनमीटर राडारोडा आणि कचरा उचलला गेला. भराव काढले. खाणींचे खड्डे सारखे करून पात्राला सलग उतार दिला. उतार फार तीव्र असेल तर पाणी काठ खरवडून नेते. उतार नसेल तर ते साचते आणि कुजते. म्हणून अभियंत्याला आधी उतार बसवावा लागतो. पात्रही दोन प्रकारच्या पाण्यासाठी आखावे लागते. रोजच्या थोड्या पाण्यासाठी अरुंद, वळणावळणाचा प्रवाह आणि वर्षातून क्वचित येणाऱ्या पुरासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद, मोकळी जागा. ही मोकळी जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी नाही. ती पुराची आहे.

इस्लामी कायद्यात याला शब्द आहे : 'हरीम'. विहीर, झरा, ओढा यांच्याभोवतीची ठराविक जागा त्या पाण्याच्या हक्काची मानली जाते. तिथे कुणी घर बांधू नये, तिथे घाण टाकू नये. आपले फकीह शेकडो वर्षांपूर्वी हे सांगून गेले. वादी हनीफाच्या काठचे भराव काढले गेले, तेव्हा नकळत का होईना, हरीमचाच हक्क परत दिला गेला.

बंधारे, खळाळ आणि डोह

आता मुख्य प्रश्न. घाण पाणी साफ कसे झाले? त्यासाठी आधी हे समजले पाहिजे की पाणी 'घाण' होते म्हणजे काय होते.

सांडपाण्यात अन्नाचे कण, मलमूत्र, साबण असे बरेच काही असते. पाण्यातले जिवाणू हे सगळे खातात. खाताना त्यांना प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरमधली घाण खाऊन संपवायला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आणि ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू मावतो किती? लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. गरज दोनशेची आणि खिशात साडेसात! म्हणून पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो, मासे मरतात, आणि मग प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात. गटाराचा जो वास येतो तो त्यांच्या कामाचा वास. वास आला की समजावे, या पाण्याचा श्वास संपला आहे.

तेव्हा उपाय एकच : पाण्याला पुन्हा पुन्हा श्वास द्यायचा. वादी हनीफात त्यासाठी ठिकठिकाणी स्थानिक चुनखडीच्या मोठ्या दगडांचे बुटके बंधारे घातले. पाणी त्यावरून फेसाळत पडते तेव्हा हवा त्यात मिसळते. बंधाऱ्याखाली दगडगोट्यांवरून पाणी उथळ धावते, तो खळाळ. त्याच्या पुढे पाणी खोल आणि संथ होते, तो डोह. खळाळात हवा मिळते. डोहात गाळ खाली बसतो आणि जिवाणूंना काम करायला वेळ मिळतो. डोंगरातल्या कोणत्याही नदीत अल्लाहने ही रचना मुळातच ठेवली आहे. अभियंत्यांनी तिची नक्कल केली. जिथे ती पुरेशी नव्हती तिथे हवा सोडणारे पंपही बसवले.

वेळेचा हिशोब मुलांना गणित म्हणून घालता येईल असा सोपा आहे. समजा एक डोह १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि १ मीटर खोल आहे. त्यात ५,००० घनमीटर पाणी मावते. त्यात रोज १,००० घनमीटर पाणी येत असेल तर प्रत्येक थेंब सरासरी पाच दिवस तिथे राहील. पण कुणी त्या डोहात भराव टाकून खोली निम्मी केली, तर मुक्काम अडीच दिवसांवर येतो आणि पाणी अर्धवट साफ होऊनच पुढे जाते. तळ्यात टाकलेला भराव नुसती जागा खात नाही, पाण्याचा वेळही खातो.

जिवांची साखळी

शहराच्या दक्षिण भागात या कामाचे हृदय आहे. तिथे पाणी शंभराहून अधिक लहान-लहान कप्प्यांतून खेळवले जाते. आराखड्यात रोज सुमारे साडेतीन लाख घनमीटर पाणी धरलेले होते. रसायने घालून पाणी साफ करण्याचा कारखाना इथे नाही. काम करतात ते जीव.

पाण्यात बुडालेल्या दगडावर हात फिरवला तर बुळबुळीत थर लागतो. तो जिवाणू आणि शेवाळ यांचा थर असतो. हा थर जितक्या जास्त जागेवर धरेल तितके जास्त काम होते, म्हणून कप्प्यांमध्ये तो धरावा यासाठी मुद्दाम कृत्रिम आधारही ठेवले आहेत. जिवाणू घाण खातात, शेवाळ त्यातून सुटलेले खत शोषते. शेवाळ आणि जिवाणूंना किडे आणि गोगलगाई खातात. त्यांना मासे खातात, त्यात तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी असते. माशांवर पक्षी येतात. अशा रीतीने सांडपाण्यातली घाण एका जिवातून दुसऱ्यात जात पाण्याबाहेर पडते.

लघवीतला अमोनिया जातो कसा, हे तर ऐकण्यासारखे आहे. हवा मिळालेल्या पाण्यात एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मग हवा नसलेल्या चिखलात दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, आणि तो निघून आकाशात मिसळतो. म्हणजे हवेशीर जागाही हवी आणि बिनहवेची जागाही हवी. सगळे पात्र सिमेंटने गुळगुळीत केले असते तर ना खळाळ राहिला असता, ना चिखल, ना हे जिवाणू. आपल्याकडे नाल्याला तळापासून काठापर्यंत काँक्रीट करून 'सुधारणा' म्हणतात, तेव्हा आपण नेमके हे बिनपगारी कामगार हाकलून देतो.

काठाचे बरू आणि पाणकणीसही कामावरच आहेत. ज्या बरूची कलम करून आपले बुजुर्ग उर्दू आणि मोडी लिहीत, तो बरू मुळांनी काठ धरून ठेवतो, पाण्यातले खत पितो आणि मुळांभोवती जिवाणूंना घर देतो. पण तो वेळोवेळी कापावा लागतो. नाहीतर तो वाळून पाण्यात पडतो आणि शोषलेले सगळे परत देतो. डोहातला गाळही काढावा लागतो. असे काम एकदा करून फीत कापली की संपत नाही.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जिवाणू अन्न खातात, धातू खात नाहीत. कारखान्यातले क्रोमियम, शिसे असे विष पाण्यात आले तर ते गाळात आणि माशांच्या अंगात साठत जाते. ते उगमापाशीच रोखावे लागते. पाणथळ जागा थकलेल्या पाण्याला बरे करते, विषाला नाही.

सुधारलेले पाणी शेतीला आणि बागांना उपयोगी पडते. हजारो स्थानिक झाडे आणि खजुरी लावल्या गेल्या. आणि शेवटी माणसांची सोय : पाऊलवाटा, आणि कुटुंबाला निवांत बसता यावे म्हणून दगडांचे आडोसे. आज सुट्टीच्या संध्याकाळी रियाधची कुटुंबे, सौदी आणि परदेशीही, चटई आणि थर्मास घेऊन तिथे येतात. २०१० मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. इमारतींसाठी ओळखला जाणारा पुरस्कार एका ओढ्याला मिळाला, हीच त्यातली शिकवण.

खालांच्या प्रश्नाचे उत्तर

आता तहारतचे. मकतबमध्ये आपण सगळेच शिकलो की पाण्याचे तीन गुण पाहावेत : रंग, वास आणि चव. नजासतमुळे त्यांपैकी एकही बदलला तर ते पाणी वुजूला चालत नाही. मग बदललेले पाणी पुन्हा पूर्वीसारखे केले तर?

हा प्रश्न सौदी अरबच्या वरिष्ठ उलेमांच्या परिषदेपुढे आला होता. १९७८ मध्ये, म्हणजे हिजरी १३९८ मध्ये, तज्ज्ञांचे म्हणणे विचारात घेऊन परिषदेने निर्णय दिला : सांडपाणी पुऱ्या प्रक्रियेने इतके शुद्ध झाले की त्याच्या रंगात, वासात, चवीत नजासतचा काही अंश उरला नाही, तर ते पाक आहे आणि वुजू-गुसललाही चालते. पिण्याच्या बाबतीत मात्र आरोग्याला अपाय होणार नाही हे पाहावे.

यातली समज पाहण्यासारखी आहे. उलेमांनी पाण्याचा मागचा इतिहास पाहिला नाही, आजची अवस्था पाहिली. आणि पाक असणे वेगळे, आरोग्याला सुरक्षित असणे वेगळे, हा फरकही राखला. वादीतले पाणी शेती-बागांसाठी आहे, पिण्यासाठी नाही. शिंतोड्यांबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी कपडे धुवावेत आणि आपल्या आलिमना विचारावे. फतवा देणे आमचे काम नाही. आम्ही खालांना एवढेच सांगितले की हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत, मोठमोठ्या उलेमांनीही तो गंभीरपणे घेतला आहे.

आपल्या मोरीपासून

खाला थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिकडचं कळलं. आपल्या मोरीतलं पाणी कुठं जातं?"

खरे तर सगळा विषय इथेच येऊन थांबतो. आपण अंग, कपडे आणि जागा पाक ठेवतो. पण आपली तहारत उंबऱ्यापाशी संपते का? साचलेल्या पाण्यात, लोकांच्या वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करू नये, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. नाला आपल्या दाराबाहेर असला तरी तो कुणाच्या तरी दारातूनच जातो.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो, कारण ती आपल्याच घरची आहे. बकरी ईदला कित्येक ठिकाणी कुरबानीचे रक्त आणि आतडी गटारात सोडली जातात. रक्त हे पाण्याच्या दृष्टीने फार जड अन्न आहे. एक लिटर रक्त जिरवायला दीड लाख मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. वरचाच हिशोब लावला, लिटरला साडेसात मिलिग्रॅम, तर एक लिटर रक्त सुमारे २०,००० लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवते. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. आणि एका मध्यम बकऱ्याचे रक्त लिटर-दीड लिटर भरते. इबादत आपली, आणि श्वास कोंडणार पाण्यातल्या जिवांचा, हे बरे नाही. कुरबानी नेमलेल्या जागी करावी. रक्त मातीत खड्डा करून जिरवावे, विहीर आणि नाल्यापासून लांब. आतडी पालिकेच्या गाडीत द्यावीत.

बाकीचे रोजचे आहे. तळणाचे तेल मोरीत ओतू नये, ते पाण्यावर पसरून हवा अडवते. उरलेली औषधे आणि रंग नाल्यात टाकू नयेत. घर दुरुस्तीचा राडारोडा ओढ्याकाठी टाकणाऱ्या ट्रकवाल्याला दोन पैसे कमी लागतात म्हणून खूश होऊ नये. वुजूचा नळ बारीक ठेवावा, कारण जे पाणी येते ते सगळे जातेही.

फोटोतली नातवंडे ज्या काठावर खेळत होती, तिथे पूर्वी दुर्गंधीमुळे कुणी थांबत नसे. ते बदलायला एक दशक आणि फार मोठा पैसा लागला. बिघडायला मात्र प्रत्येकाचा एकेक ट्रक आणि एकेक बादली पुरेशी झाली होती.

यंदाच्या ईदला खालांनी परसात शेवग्यापासून हातभर अंतरावर खड्डा आधीच खणून ठेवायला सांगितला आहे.